‘टिश्यूचा म्हणजे आपल्या केळीच्या रोपांसारखा का रे भाऊ?’

रावेर तालुक्यातल्या एका वाचकाचं हे पत्र. त्यांच्या इच्छेप्रमाणे नाव-गाव देत नाही. मजकूर थोडा आटोपता केला आहे.

“माझं वय ४१, घरी केळीची शेती. आई ६७ वर्षांची. वडील जाऊन नऊ वर्षं झाली. आई माळकरी आहे, मुक्ताईच्या पालखीबरोबर तिने अकरा वाऱ्या पायी केल्या आहेत. वर्षभरापासून तिला दम लागतो. दिवाळीनंतर बागेत चक्कर येऊन पडली. तपासण्या केल्या तर हृदयाचा एऑर्टिक व्हॉल्व्ह, म्हणजे हृदयातून शरीराकडे रक्त जातं तिथली झडप, आकसलेला निघाला. बदलावाच लागेल, असं सर्जन म्हणाले. पुढच्या महिन्यात ऑपरेशन आहे. तिच्या वयाला टिश्यू व्हॉल्व्ह चांगला, असं त्यांचं मत. तेव्हा केबिनमध्ये मी आणि मामा होतो, आई बाहेर बाकावर होती. टिश्यू म्हणजे कशाचा, असं मी विचारलं, तर कळलं की तो डुकराच्या व्हॉल्व्हपासून किंवा गाय-बैलाच्या हृदयाभोवतीच्या पडद्यापासून बनवतात. बाहेर आलो तर आईने विचारलं, काय ठरलं? मी म्हणालो, टिश्यूचा व्हॉल्व्ह बसवायचा. ती म्हणाली, ‘टिश्यूचा म्हणजे आपल्या केळीच्या रोपांसारखा का रे भाऊ? लॅबमधला?’ आणि मी ‘हो’ म्हणून गेलो.

तेव्हापासून झोप नाही. मामा म्हणतात, सांगू नकोस, सांगितलंस तर ती ऑपरेशनच करणार नाही आणि ते पाप तुझ्या माथी. सुरतेची बहीण म्हणते, सांग. त्यात अमेरिकेत डुकराचं हृदय बसवलेला माणूस दोन महिन्यांत गेला असं वाचलं, त्याची वेगळीच धास्ती. आईचा जीव वाचवू की तिचा विश्वास?”

भाऊ,

आधी त्या ‘हो’बद्दल. तुम्ही ते ठरवून बोलला नाहीत. दवाखान्याचा पॅसेज, हातात फाईल, शेजारी मामा, समोर आईचं उतरलेलं तोंड. अशा वेळी तिनेच पुढे केलेलं सोपं उत्तर तुम्ही उचललंत. तिचा प्रश्नही किती रास्त! रावेर-यावल-चोपड्याच्या पट्ट्यात ‘टिश्यू’ म्हटलं की प्रयोगशाळेतल्या बाटलीत वाढलेलं आणि पिशवीतून शेतात आलेलं हिरवंगार रोपच डोळ्यांपुढे येतं.

पण तिने काय विचारलं ते पुन्हा एकदा बघा. खर्च किती, दिवस किती, हे तिने विचारलं नाही. हा व्हॉल्व्ह कशाचा, हे विचारलं. आपल्या शरीरात काय जाणार आहे, ते तिला जाणून घ्यायचं आहे. तुम्हाला वाटतंय, हा विषय आईपुढे काढायचा की नाही हे तुमच्या हातात आहे. विषय तिने स्वतःच काढला, पहिल्याच दिवशी. तिला फक्त उत्तर चुकीचं मिळालं.

आता तुमची धास्ती, कारण ती लवकर मिटण्यासारखी आहे. अमेरिकेतल्या बातमीचा तुमच्या आईच्या व्हॉल्व्हशी जवळजवळ काहीच संबंध नाही.

७ जानेवारी २०२२ रोजी बाल्टिमोरला मेरिलँड विद्यापीठाच्या डॉक्टरांनी डेव्हिड बेनेट या ५७ वर्षांच्या रुग्णाला डुकराचं अख्खं, जिवंत, धडधडतं हृदय बसवलं. ते दोन महिने जगले. पुढच्या वर्षी तिथेच दुसऱ्या रुग्णाला तसंच हृदय बसवलं, तो सहा आठवडे जगला. किडनीच्या बाबतीत मजल थोडी पुढे गेली. बोस्टनला २०२५च्या जानेवारीत बसवलेली डुकराची किडनी २७१ दिवस चालली, मग काढावी लागली. आपल्याकडेही हे घडलेलं आहे, आणि या सगळ्यांच्या कितीतरी आधी. १९९७ साली आसामात गुवाहाटीजवळच्या सोनापूरला डॉ. धनीराम बरुआ यांनी ३२ वर्षांच्या एका माणसाला डुकराचं हृदय बसवलं. तो आठवडाभरात गेला, आणि मानवी अवयव प्रत्यारोपणाच्या कायद्याखाली डॉक्टरांना अटक होऊन चाळीस दिवस कोठडीत काढावे लागले.

या सगळ्यांत अवघड गोष्ट एकच होती : अवयव जिवंत होता. डुकराच्या पेशींवर एक साखर असते, ती माणसाच्या पेशींवर नसते. तिच्याविरुद्धची प्रतिपिंडं (अँटीबॉडीज) आपल्या रक्तात लहानपणापासून तयारच असतात. त्यामुळे साध्या डुकराचा अवयव माणसाचं शरीर काही मिनिटांत, फार तर काही तासांत काळाठिक्कर पाडू शकतं. म्हणून आता आधी डुकराची जनुकं बदलतात. बेनेट यांच्या वेळी असे दहा बदल केले होते. तरीही प्रतिकारशक्ती दाबणारी जबर औषधं द्यावी लागलीच, आणि त्या हृदयात डुकराचा एक विषाणू लपलेला होता, हे नंतर उघडकीस आलं.

तुमच्या आईला जो व्हॉल्व्ह सुचवला आहे त्यात जिवंत असं काही नसतं. पातळ पापुद्र्यासारख्या तीन पाकळ्या असतात. ग्लुटाराल्डिहाइड नावाच्या रसायनात मुरवून त्या टिकाऊ केलेल्या असतात. हेच रसायन कातडं कमावतानाही वापरतात. (ही उपमा आईपुढे काढायची की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा.) शरीराने नाकारावं असं त्यात फारसं उरत नाही, म्हणून प्रत्यारोपणानंतरच्या त्या जबर गोळ्याही लागत नाहीत. डुकराचा व्हॉल्व्ह माणसाला पहिल्यांदा बसवला तो पॅरिसला, १९६५ साली. त्यानंतर जगभर लाखो माणसांनी असे व्हॉल्व्ह छातीत वागवले आहेत. हा व्हॉल्व्ह झिजतो, ही त्याची खोट. साधारण दहा ते पंधरा वर्षं चालतो, तरुण माणसात त्याहून लवकर खराब होतो. पण बसवल्यावर दोन महिन्यांत शरीर तो टाकून देईल, ही भीती मनातून काढून टाका.

बेनेट यांची एक गोष्ट मात्र तुमच्या कामाची आहे. ऑपरेशनच्या आदल्या दिवशीचं त्यांचं म्हणणं विद्यापीठाने प्रसिद्ध केलं होतं : मरायचं किंवा हे करून बघायचं, एवढंच हाती आहे. मला जगायचंय. हा अंधारात मारलेला तीर आहे हे मला ठाऊक आहे. ज्या उपचाराचा पुढचा दिवस कुणालाच दिसत नव्हता, त्यालाही त्या माणसाने कशाचं हृदय, का आणि किती धोक्याचं हे ऐकून स्वतः होकार दिला. तुमच्या आईच्या ऑपरेशनला साठ वर्षांचा अनुभव पाठीशी आहे. तिथे तिला अंधारात ठेवायची गरज का पडावी?

मामांच्या मनात काय असेल ते मला कळतं. आपल्या भागात हे सर्रास चालतं. मोठं दुखणं निघालं की पेशंटला बाहेर बसवायचं, कर्त्या पुरुषांनी आत जाऊन ऐकायचं, बाहेर येऊन ‘काही नाही, छोटं ऑपरेशन आहे’ म्हणायचं. त्यात माया असते, हे मी नाकारत नाही. पण त्या मायेची किंमत मी माझ्या घरात पाहिली आहे.

माझी मावशी अमळनेर तालुक्यातली. पंचेचाळिशीच्या आत तिच्या हृदयात धातूचा व्हॉल्व्ह बसवला. काका आणि मामालोकांनी ठरवलं की बाईमाणूस घाबरेल, म्हणून तिला सांगितलं, व्हॉल्व्ह ‘साफ केला’. रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या तिच्या हातात ‘ताकदीच्या गोळ्या’ म्हणून पडल्या. रात्री लाइट गेले, पंखा थांबला की अंगणात बाजेवर झोपलेल्या मावशीच्या छातीतली टिकटिक शेजारच्या बाजेवर मला ऐकू यायची. तिलाही यायचीच की. विचारलं तर म्हणायचे, ऑपरेशननंतर अशी होते. चैत्रात ती सप्तशृंगीच्या गडावर पायी निघाली. उपवास होता, आणि उपवासाला ताकदीची गोळी कशाला, म्हणून डबी घरीच ठेवून गेली. आठ दिवस गोळी नाही. परत आली ती उजवा हात आणि जीभ गमावून. व्हॉल्व्हवर गाठ धरली आणि तिचा तुकडा मेंदूत गेला. कित्येक महिन्यांनी बोलणं थोडं सुधारलं तेव्हा तिचं पहिलं धड वाक्य होतं, “माले काबर नही सांगं?” काकांकडे उत्तर नव्हतं. ती गेली तोवर त्यांनी तिची सेवा केली, अगदी मनापासून, पण त्या प्रश्नाचं उत्तर त्यांना कधी देता आलं नाही.

म्हणून मी तुमच्या बहिणीच्या बाजूने आहे. आणि नुसतं खरं बोलावं म्हणून सांगत नाही. कृत्रिम व्हॉल्व्ह कोणताही असो, ज्याच्या छातीत तो आहे त्याला तो माहीत असावाच लागतो. दात काढायचा झाला तरी आधी दातांच्या डॉक्टरांना सांगावं लागतं, कारण तोंडातले जंतू रक्तातून व्हॉल्व्हवर जाऊन बसू शकतात. महिनाभर बारीक ताप राहिला तर गावातल्या इंजेक्शनवर न भागवता हृदयाच्या डॉक्टरांकडे जावं लागतं. व्हॉल्व्हचं कार्ड मिळतं, डिस्चार्जच्या कागदावर तो कोणत्या प्रकारचा हे लिहिलेलं असतं. तुमच्या घरात किंवा भाऊबंदांत नर्सिंग नाहीतर फार्मसी शिकणारी एखादी पोर असेलच. ती कागद वाचेल आणि सहज विचारेल, आजी, तुझा डुकराचा आहे की बैलाचा? तेव्हा आईला व्हॉल्व्हचं जे वाटायचं ते वाटेल, पण अख्ख्या घराने आपल्याला फसवलं, हे त्याहून जास्त लागेल.

कायद्याचंही बघा. शुद्धीवर असलेल्या, कळत्या वयाच्या रुग्णाची संमती ही तिची स्वतःचीच हवी, असं सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली एका खटल्यात स्पष्ट सांगितलं. तिथे मुलगी भुलीखाली असताना तिच्या आईने मोठ्या ऑपरेशनला संमती दिली होती. न्यायालयाने ती ग्राह्य धरली नाही. काय करणार, का करणार, धोके कोणते, दुसरे पर्याय कोणते, एवढं रुग्णाला समजलं पाहिजे. तुमच्या आईने ‘केळीच्या रोपांसारखा’ असं समजून अंगठा किंवा सही केली, तर ती संमती कशाला दिलेली असेल?

आता मामांचं मुख्य म्हणणं : ती नाही म्हणेल. म्हणेलही. पण हे तिला कुणी विचारलंय? अकरा वर्षं ज्या बाईने उन्हापावसात महिनाभर चालून पंढरपूर गाठलं, जिने नवरा गेल्यावर केळीची बाग मोडू दिली नाही, ती एक खरी गोष्ट ऐकून कोसळेल, असं तुम्ही धरून चाललाय. माळकरी माणसाच्या श्रद्धेचा विचार आपण बाहेरून करतो तेव्हा ती फक्त ‘हे चालत नाही, ते चालत नाही’ एवढीच दिसते. आतून ती तेवढीच नसते. काहीजणी म्हणतील, देवाने दिलेलं शरीर, जपायला लागेल ते करा. काहीजणी म्हणतील, डुकराचा चालेल, गाईचा नको. काही नेमकं उलट म्हणतील. काही म्हणतील, दोन्ही नको. यातली तुमची आई कोणती, हे मला माहीत नाही, तुम्हालाही नाही.

आणि तिला पटवायला ‘अगं, तसं तर सगळ्याच औषधांत प्राणी असतात’ हा मुद्दा पहिल्याच फटक्यात काढू नका. मुद्दा खरा आहे. बागेत साप चावला तर जी लस टोचतात ती घोड्याच्या रक्तापासून होते. कॅप्सूलचं वेष्टन बहुतेक वेळा जनावरांच्या हाडा-कातड्यातल्या जिलेटिनचं असतं. मधुमेहाचं इन्सुलिन कित्येक वर्षं डुकराच्या आणि गुरांच्या स्वादुपिंडातून काढत होते. तिने विचारलं तर हे सगळं जरूर सांगा. पण तिला कोंडीत पकडायला ते वापरलंत तर ती गप्प बसेल आणि तुम्ही त्यालाच होकार समजाल.

दुसरा व्हॉल्व्ह, धातूचा, याचाही नीट विचार करायला हवा. तो टाकाऊ नाही. आपल्या देशात तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेने डॉ. वलियाथन यांच्या पुढाकाराने असा व्हॉल्व्ह तयार केला, १९९०मध्ये तो पहिल्यांदा बसवला, आणि परदेशी व्हॉल्व्ह न परवडणाऱ्या किती घरांना त्याचा आधार झाला! धातूचा व्हॉल्व्ह बहुधा जन्मभर पुरतो. पण रक्त त्यावर गोठू पाहतं, म्हणून रक्त पातळ ठेवणारी गोळी रोज, आयुष्यभर, एकही दिवस न चुकवता घ्यावी लागते. रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारी पीटी-आयएनआर नावाची तपासणी सुरुवातीला दर थोड्या दिवसांनी, मग साधारण महिन्याला. आकडा डॉक्टरांनी ठरवलेल्या पट्ट्यात, एऑर्टिक व्हॉल्व्हला बहुतेक २ ते ३ च्या दरम्यान राहायला हवा. खाली गेला तर गाठ धरते, वर गेला तर रक्तस्राव.

खेड्यातल्या रोजच्या जगण्यात हे कसं दिसतं ते सांगते. हिवाळ्यात तुमच्याकडे मेथी, पालक, कांद्याची पात घातलेलं भरीत रोज असतं आणि उन्हाळ्यात जवळपास नसतं. या हिरव्या भाज्यांतलं के जीवनसत्त्व गोळीच्या विरुद्ध काम करतं. भाजी सोडायची नसते, पण वर्षभर साधारण सारख्या प्रमाणात खावी लागते, आणि मोसम बदलला की तपासणी लवकर करावी लागते. गुडघे दुखले म्हणून मेडिकलवरून आणलेली साधी वेदनाशामक गोळी पोटात रक्तस्राव करू शकते. कुणी दिलेला काढा, चूर्ण, सगळं आधी डॉक्टरांना विचारून. कमरेतलं इंजेक्शनही विचारूनच. केळीची पानं कापताना विळा लागला तर रक्त लवकर थांबत नाही. आणि तुमच्या आईला तर चक्कर येऊन पडण्याचा अनुभव आहे. पासष्टीनंतर डॉक्टर टिश्यू व्हॉल्व्हकडे झुकतात ते याच कारणाने. वयाबरोबर रक्तस्रावाचा धोका वाढत जातो, आणि दहा-पंधरा वर्षांनी व्हॉल्व्ह झिजलाच तर आता कित्येकदा जांघेतून नळी घालून जुन्या व्हॉल्व्हच्या आत नवा बसवता येतो.

तरीही आई म्हणाली, मला धातूचाच हवा, गोळी मी चुकवणार नाही, तर तो निर्णय वेडेपणाचा नाही. ज्या बाईला एकादशी कधी चुकत नाही, तिला रोजची गोळी चुकेल असं मानायचं कारण नाही. तुम्ही तपासणीची सोय जवळ कुठे होते, सावदा, रावेर की भुसावळ, ते आताच शोधून ठेवा.

इथे एक बारीक गोष्ट आहे, ती लपवू नका. ऑपरेशनच्या वेळी रक्त यंत्रातून फिरवतात तेव्हा ते गोठू नये म्हणून हेपॅरिन देतात, आणि ते डुकराच्या आतड्याच्या अस्तरापासून बनतं. व्हॉल्व्ह कोणताही बसवा, हे औषध लागतंच. आईने ‘जनावराचं काहीच नको’ म्हणून धातूचा व्हॉल्व्ह निवडला, तर हेही तिला सांगावं लागेल, नाहीतर तुमच्याकडून दुसरं ‘हो’ घडेल. तसंच छाती न उघडता नळीतून बसवायच्या व्हॉल्व्हचं. त्याचा खर्च मोठा असतो, आणि कुणी तो सुचवला तर त्याच्याही पाकळ्या प्राण्याच्याच असतात, हे लक्षात ठेवा.

सांगायचं कसं? मामांसमोर नको, आणि अख्ख्या घराच्या बैठकीत तर नकोच. तुम्ही आणि ती, दोघंच. सकाळी तिची पूजा, हरिपाठ आटोपल्यावर, किंवा संध्याकाळी ओट्यावर. सुरुवात व्हॉल्व्हपासून करू नका, तुमच्या चुकीपासून करा. साधारण असं :

“आई, त्या दिवशी मी तुला चुकीचं सांगितलं. टिश्यूचा व्हॉल्व्ह आपल्या रोपांसारखा नसतो. तो जनावराच्या शरीरातल्या भागापासून करतात. एक डुकराचा असतो, एक गाय-बैलाचा. औषधात मुरवून टिकवलेला, त्यात जीव नसतो. दुसरा धातूचा असतो, पण त्याला रोजची गोळी आणि रक्ताची तपासणी जन्मभर. डॉक्टर तुझ्या वयाला पहिला बरा म्हणतात. बदलला नाही तर व्हॉल्व्ह आणखी आकसत जाईल, नुसत्या गोळ्यांनी तो उघडत नाही. तुला काय वाटतं?”

आणि मग गप्प बसा. हे सगळ्यांत कठीण. ती पदराने तोंड पुसेल, उठून आत जाईल, चुलीपाशी काहीतरी करत बसेल. पाठोपाठ जाऊ नका. एक रात्र जाऊ द्या. ती रागावली तर ती कशावर रागावली, व्हॉल्व्हवर की तुमच्या ‘हो’वर, ते ओळखा. दुसऱ्यासाठी सरळ माफी मागा.

तिचे प्रश्न येतील. जनावर माझ्यासाठी मारलं का? खरं उत्तर हे की व्हॉल्व्हसाठी लागणारा भाग मारलेल्या जनावराचा असतो. ते तिच्या नावाने मारलेलं नसतं, पण मारलेलं असतं. गोड करून सांगू नका. माळ उतरवावी लागेल का, हा प्रश्न तर येईलच, आणि त्याचं उत्तर तुम्ही देऊ नका. मीही देणार नाही. ज्यांच्या हातून तिने माळ घेतली त्या महाराजांकडे, किंवा ज्यांच्या शब्दाला ती मान देते त्या दिंडीतल्या विणेकऱ्यांकडे तिला घेऊन जा. आधी फोन करून ‘असं असं सांगा’ म्हणून त्यांना पढवू नका. ती स्वतः विचारेल, ते सांगतील ते ती ऐकेल, मग ठरवेल.

त्यानंतर तिला घेऊन सर्जनकडे जा, आणि या वेळी बाकावर मामा बसतील, आत आई. डॉक्टरांना विचारायचं ते कागदावर लिहून न्या : कोणत्या प्राण्याचा व्हॉल्व्ह, त्यात निवड करता येते का, माझ्या आईच्या व्हॉल्व्हच्या मापात काय मिळतं, ऑपरेशननंतर सुरुवातीला किती महिने गोळ्या, पुढे किती वर्षांनी काय. सरकारी योजनेतून ऑपरेशन करत असाल तर योजनेत नेमका कोणता व्हॉल्व्ह बसतो हे दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला आताच विचारा, कारण आईने निवडलेला व्हॉल्व्ह आणि योजनेतला वेगळा निघाला तर ऐन वेळी धावपळ होते. डॉक्टर घाईत असतील तर नम्रपणे म्हणा, आईला तुमच्या तोंडून ऐकायचंय. बहुतेक डॉक्टर थांबतात. चक्कर येऊन पडण्यापर्यंत गोष्ट आलेली आहे, तेव्हा या सगळ्याला आठ-दहा दिवस पुरे, तारीख पुढे ढकलत नेऊ नका.

हे सगळं ऐकूनही ती दोन्हीला नाही म्हणाली तर? मग बहिणीला सुरतेहून बोलवा. नाही का म्हणतेस, हे पुन्हा विचारा. अनेकदा त्या ‘नाही’च्या मागे व्हॉल्व्ह नसतोच. खर्च असतो, मुलाला कर्ज होईल ही काळजी असते, नाहीतर छाती कापण्याची भीती. त्या तिन्हींवर बोलता येतं. आणि तरीही नाहीच म्हणाली, सगळं समजून, तर ते पाप तुमच्या माथी नाही. तिच्या आयुष्याचा निर्णय तिने घेतला, आणि तो ऐकायला तुम्ही तिच्याजवळ होता.

याच वळणावर असलेल्या इतरांसाठी दोन शब्द. भुसावळच्या एका मुस्लिम भगिनीने आणि जळगावच्या एका जैन कुटुंबाने गेल्या वर्षी जवळपास हाच प्रश्न मला विचारला होता. डुकराचा नको असेल तर गुरांच्या पडद्यापासून केलेला व्हॉल्व्ह मिळतो, गुरांचा नको असेल तर डुकराचा. कोणताच नको असेल तर धातूचा. पण मागावं लागतं, आणि आधी मागावं लागतं. रोग मायट्रल व्हॉल्व्हचा, म्हणजे हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधल्या झडपेचा, असेल तर बदलण्याआधी दुरुस्ती होते का किंवा फुग्याने उघडता येतो का, हे आवर्जून विचारा. तिथे कित्येकदा आपलाच व्हॉल्व्ह राहतो आणि हा सगळा प्रश्नच उरत नाही. पंचविशी-तिशीतल्या मुलीसाठी विचार करत असाल तर गणित पुन्हा वेगळं : टिश्यू व्हॉल्व्ह तिच्यात लवकर झिजतो, आणि रक्त पातळ करणारी गोळी गरोदरपणात बाळाला अपाय करू शकते. अशा मुलीशी लग्नाआधी, दिवस जाण्याआधी डॉक्टरांना सविस्तर बोलू द्या. तिच्याशी, तिच्या सासऱ्यांशी नव्हे.

भाऊ, शेवटी एक बारीक काम. ऑपरेशनच्या आधी अंगावरचं सगळं काढून ठेवायला लावतात, माळही. ती कुणाच्या हातात द्यायची, आणि शुद्धीवर आल्यावर पुन्हा गळ्यात कधी घालता येईल, हे भरतीच्या आदल्या दिवशी आईला आणि सिस्टरांना दोघींनाही विचारून ठेवा. गडबडीत ती फाईलच्या पिशवीत, एक्स-रे आणि बिलांच्या मध्ये जायला नको.